बार्बारेस्कोच्या रेड वाइन: कोणती बाटली कोणत्या पदार्थाबरोबर उघडावी

इटलीच्या वायव्येला, पिएमोंते प्रदेशात, आल्बा शहराजवळ तानारो नदीच्या उजव्या काठावरील टेकडीवर बार्बारेस्को नावाचे छोटेसे गाव आहे. गावातल्या चौकात चर्चच्या समोर ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी वायनरी उभी आहे. ही वायनरी नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून वाइन बनवते. पांढरी वाइन नाही, गोड वाइन नाही, दुसऱ्या द्राक्षाचे मिश्रणही नाही. एकच द्राक्ष, एकच परिसर आणि एकच वाइन बनवणारा हात, असे असूनही तिच्या बाटल्यांची चव एकमेकींपासून इतकी वेगळी असते, की एकीबरोबर जो पदार्थ उत्तम लागतो तो दुसरीबरोबर अगदीच फिका पडतो. म्हणून वाइन आणि जेवण यांचा मेळ शिकायचा असेल, तर दहा देशांच्या दहा वाइन चाखण्यापेक्षा या एका घरातील तीन पातळ्यांच्या वाइन समोर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते, असे माझे मत आहे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

ही वायनरी कशी उभी राहिली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या वाइनचा दर्जा आणि त्या मानाने माफक असलेली किंमत या दोहोंचे मूळ तिच्या रचनेत आहे. आल्बा येथील शाही द्राक्षशेती व वाइननिर्मिती विद्यालयाचे प्रमुख दोमिझिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये बार्बारेस्कोतील नऊ बागायतदारांना एकत्र आणून पहिली सहकारी संस्था स्थापन केली. तोपर्यंत या टेकड्यांवरील नेब्बिओलो पुष्कळदा शेजारच्या बारोलो या वाइनसाठी विकले जात असे. ती पहिली संस्था फॅसिस्ट राजवटीच्या काळात बंद पडली. त्यानंतर १९५८ मध्ये गावचे धर्मगुरू डॉन फिओरीनो मारेंगो यांनी एकोणीस छोट्या शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र केले आणि पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात तयार झाली. आज पन्नासहून अधिक कुटुंबे सभासद असून त्यांच्या बागा शंभर हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या आहेत. सभासदाने आपले सर्व नेब्बिओलो संस्थेलाच घालायचे असते आणि त्याला भाव मिळतो तो द्राक्षाच्या प्रतीनुसार, त्यातही प्रामुख्याने साखरेच्या प्रमाणानुसार. सहकारी साखर कारखान्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या व्यवस्थेचे गुण आणि तिच्यातले संभाव्य ताण दोन्ही लगेच कळतील.

बाटली निवडताना

या वायनरीच्या बाटल्यांच्या तीन पातळ्या आहेत. पहिली ‘लांगे नेब्बिओलो’ (लांगे हे या परिसरातील टेकड्यांच्या प्रदेशाचे नाव). ही साधारणतः तरुण वेलींच्या द्राक्षांची असते, लाकडी पिंपात थोडाच काळ राहते आणि बाजारात लवकर येते. दुसरी पातळी म्हणजे गावाच्याच नावाची ‘बार्बारेस्को’. हिला इटलीच्या वाइन वर्गीकरणातील सर्वोच्च दर्जा १९८० पासून आहे. नियमानुसार ही शंभर टक्के नेब्बिओलोची असावी लागते आणि किमान २६ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी किमान ९ महिने लाकडात. बार्बारेस्को, नेईवे आणि त्रेईझो ही तीन गावे व आल्बाच्या हद्दीतील एक लहानसा भाग एवढाच तिचा अधिकृत परिसर आहे. तिसरी पातळी ‘रिझेर्व्हा’, जिला किमान ५० महिने मुरवणे बंधनकारक आहे. या वायनरीच्या रिझेर्व्हा नऊ असून प्रत्येकीचे द्राक्ष एकाच ठरावीक उतारावरून येते: आझिली, राबाया, पोरा, मोंतेस्तेफानो, ओव्हेल्लो, पाये, मोंतेफीको, मुंकागोता आणि रिओ सोर्दो. लेबलावर त्या उताराचे नाव तर असतेच, शिवाय त्या मळ्यांच्या मालकांची नावेही छापलेली असतात. द्राक्ष नेमके कोणाच्या शेतातले हे ग्राहकाला सांगणाऱ्या सहकारी संस्था जगात फार नाहीत.

खरेदीच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रिझेर्व्हा दरवर्षी निघत नाहीत. हंगाम पुरेसा चांगला नसेल, तर नऊही उतारांचे द्राक्ष साध्या बार्बारेस्कोतच जाते. त्यामुळे ज्या वर्षी रिझेर्व्हा नाही, त्या वर्षीची साधी बार्बारेस्को कमी प्रतीची मानून टाळणे हा उलटा हिशेब होय. अशा बाटलीत त्या नावाजलेल्या उतारांचे द्राक्ष कमी पैशात मिळते.

वर्षांविषयी थोडे. २०१६ आणि २०१९ या वर्षांची वाइन बांध्याने भक्कम, तुरटपणा व आंबटपणा दोन्ही ठळक असलेली आहे, ती दमाने उघडावी. २०१७ हे उष्ण व कोरडे वर्ष होते, २०१८ ची वाइन तुलनेने हलकी आणि लवकर पिण्याजोगी आहे. नव्या वाचकाने पहिली बाटली २०१८ ची घेतली तरी चालेल. मात्र ही वाइन ज्या कारणासाठी ओळखली जाते ते २०१६ मध्ये अधिक स्पष्ट कळते.

तुरटपणा समजून घेतला की निम्मे काम होते

नेब्बिओलोची वाइन पेल्यात ओतली की रंगाने फसवते. ती फिकट, विटकरी झाक असलेली, प्रकाश आरपार जाऊ देणारी असते, आणि अशा रंगाची वाइन मवाळ असणार असे पाहणाऱ्याला वाटते. पहिला घोट घेतल्यावर मात्र हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडल्यासारखी होते. हा टॅनिनचा परिणाम आहे. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून वाइनमध्ये उतरलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ टाळूवर घासल्यासारखी वाटते. कडक कोऱ्या चहात थोडे दूध घातले की त्याचा तुरटपणा एकदम का बसतो, याचे कारणही हेच आहे: चहातील टॅनिनला दुधातील प्रथिन सापडते आणि ते लाळेला सोडून देते.

जेवणाशी मेळ घालण्याची सारी युक्ती या एका निरीक्षणात आहे. मांस, चीज, अंड्याचा बलक यांतील प्रथिने टॅनिनला गुंतवून ठेवतात. लोणी आणि चरबी जिभेवर थर धरतात आणि हा थर कापून काढण्याचे काम नेब्बिओलोचा आंबटपणा करतो. योग्य प्रमाणातील मीठ तुरटपणा व कडवटपणा दोन्ही सौम्य करते. उलट दिशेने पाहिले तर तीन गोष्टी ही वाइन बिघडवतात. पदार्थातील गोडपणामुळे वाइन अधिक आंबट आणि कडू लागते. मिरचीतील कॅप्सेसिन आणि वाइनमधील अल्कोहोल तोंडातील उष्णता ओळखणारी एकच यंत्रणा चाळवतात, त्यामुळे तिखट पदार्थाबरोबर १४ टक्क्यांची वाइन घशाला जाळल्यासारखी लागते आणि तुरटपणाही बोचतो. तिसरी गोष्ट तेलकट मासळी: तिच्याबरोबर टॅनिनयुक्त वाइन घेतल्यास तोंडात धातूसारखी चव येण्याचा संभव असतो.

‘रेड वाइन मटणाबरोबर, व्हाइट वाइन माशाबरोबर’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम म्हणूनच अपुरा आहे. मटण तिखट रश्श्यात आहे, की लोण्यात हळू शिजवलेले आहे, यावर सारे अवलंबून असते.

लांगे नेब्बिओलो: रोजच्या ताटाची वाइन

तरुण लांगे नेब्बिओलोमध्ये लाल चेरी, रासबेरी आणि गुलाबाचा गंध ठळक असतो, तुरटपणा असतो पण तो आडवा येत नाही. पिएमोंतेतील जेवणाची सुरुवात अनेक छोट्या थंड पदार्थांनी होते आणि या पहिल्या टप्प्यासाठी हीच बाटली योग्य. वासराच्या मांसाचे थंड पातळ काप आणि त्यावर ट्यूना, अँकोव्ही व केपर यांचे दाट सॉस, हा ‘व्हितेल्लो तोन्नातो’ तिथल्या प्रत्येक खाणावळीत मिळतो. सॉसमध्ये मासळी असूनही ही वाइन त्याबरोबर चालते, कारण मासळी येथे मुख्य पदार्थ नसून खारटपणा आणणारा घटक आहे आणि अंड्याचा बलक व तेल तिला वेढून असतात. सुरीने हाताने बारीक केलेले, तेल, मीठ आणि लिंबाचे काही थेंब घातलेले कच्चे मांस, म्हणजे ‘कार्ने क्रूदा’, हाही याच टप्प्यावरचा पदार्थ. त्याबरोबर मुरलेली रिझेर्व्हा उघडणे म्हणजे पैशाची नासाडी आहे.

सलामी, मध्यम मुरलेले तोमा चीज, मशरूम घातलेला रिसोत्तो, टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता, भाजलेली कोंबडी या सर्वांबरोबर ही वाइन सहज जमते. टोमॅटोचा आंबटपणा अनेक रेड वाइनना मारतो, पण नेब्बिओलोची स्वतःची आम्लता इतकी आहे की ती त्याच्यापुढे फिकी पडत नाही.

एका प्रसिद्ध पदार्थाबद्दल मात्र सावध राहावे. अँकोव्ही, लसूण आणि ऑलिव्ह तेल मंद आचेवर विरघळवून केलेले गरम ‘बान्या काऊदा’, ज्यात कच्च्या व उकडलेल्या भाज्या बुडवून खातात, ते पिएमोंतेच्या थंडीतील सामुदायिक जेवण आहे. त्यातील लसूण आणि खारट मासळी यांच्यापुढे नेब्बिओलोचा नाजूक गंध तग धरत नाही. त्याच परिसरातील बार्बेरा, जिच्यात आंबटपणा भरपूर पण टॅनिन कमी असते, तीच येथे हवी. पुष्कळ प्रवासी मार्गदर्शिका या पदार्थाशेजारी बार्बारेस्कोची बाटली दाखवतात, ते दिसायला छान असले तरी जिभेला पटत नाही.

बार्बारेस्को: बलक, लोणी आणि हळू शिजलेले मांस

गावाच्या नावाच्या बाटलीला मोठ्या ओक पिंपांत साधारण दोन वर्षे मिळतात. पिंपे मोठी आणि जुनी असल्यामुळे लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाइनला लागत नाही, हवेशी अतिशय मंद संपर्क मात्र होत राहतो. चेरी आणि गुलाबाच्या जोडीला येथे ज्येष्ठमध, सुकलेली पाने, थोडासा डांबरासारखा वास आणि माती भिजल्याचा भास येऊ लागतो. पाच ते दहा वर्षांची बाटली ही माझ्या मते जेवणाबरोबर सर्वात सोयीची.

हिच्या जोडीचा पहिला पदार्थ म्हणजे ‘तायारीन’. एक किलो मैद्याला तीसपर्यंत अंड्यांचे बलक घालून मळलेल्या कणकेच्या, सुरीने केसासारख्या बारीक कापलेल्या या शेवया असतात. त्या उकळत्या पाण्यात मिनिटभरच राहतात आणि लगेच लोण्यात घोळवल्या जातात. बलकाचे प्रथिन व लोण्याची स्निग्धता यांचा असा थर जिभेवर बसतो, की वाइनचा तुरटपणा तिथेच थांबतो आणि गंध मात्र वर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचा हंगाम असतो. हा जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीचा गोळा शिजवायचा नसतो. ताटातल्या गरम शेवयांवर तो कच्चाच, कागदासारखा पातळ किसून टाकतात आणि वाफेबरोबर त्याचा वास उठतो. ट्रफलबरोबर जुनी, निदान दहा वर्षांची बार्बारेस्को असावी असा तिथला रिवाज आहे आणि तो सकारण आहे, कारण मुरलेल्या नेब्बिओलोत फळाचा वास ओसरून जंगलातल्या ओल्या पाचोळ्याचा, मशरूमचा वास पुढे आलेला असतो. तरुण बाटलीतली ताजी चेरी ट्रफलशेजारी उपरी वाटते. ट्रफल न मिळाल्यास लोणी व सेजची पाने पुरेशी आहेत. बाजारात मिळणारे ‘ट्रफल तेल’ मात्र घालू नये. ते बहुधा कृत्रिम सुगंधाचे असते आणि त्याचा उग्र वास वाइनला गिळून टाकतो.

दुसरा पदार्थ ‘आन्योलोत्ती देल प्लिन’. भाजलेल्या मांसाचे व पालेभाजीचे सारण भरून, कडा चिमटीत दाबून केलेल्या या बोटाच्या पेराएवढ्या पुरचुंड्या त्याच भाजलेल्या मांसाच्या रसात देतात. येथे सहा-सात वर्षांची बार्बारेस्को पुरेशी आहे.

तिसरा पदार्थ म्हणजे वाइनमध्ये हळू शिजवलेले मांस, ‘ब्राझातो’. हा घरी करता येण्याजोगा असल्यामुळे कृती सांगतो. मूळ पदार्थ गोमांसाचा आहे. महाराष्ट्रात गोवंशाचे मांस कायद्याने मिळत नसल्यामुळे मेंढीचा किंवा बोकडाचा खांदा घ्यावा. दीड किलोचा हाडासकट तुकडा, जाड कापलेला एक कांदा, दोन गाजरे, सेलरीचे दोन देठ, दोन तमालपत्रे, रोझमेरीची एक काडी, तीन लवंगा व दालचिनीचा छोटा तुकडा हे सारे एका भांड्यात घालून वर साडेसातशे मिलिलिटरची पूर्ण बाटली ओतावी आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी मांस बाहेर काढून अगदी कोरडे पुसावे, कारण ओल्या मांसाला रंग चढत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी व तेलावर ते सर्व बाजूंनी खरपूस करावे, मग गाळून घेतलेल्या भाज्या परतून त्यावर वाइन ओतावी आणि मीठ घालून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर तीन तास शिजू द्यावे. प्रेशर कुकर टाळावा. शिट्ट्यांवर मांस मऊ होते, पण रस आटून दाट होत नाही आणि अल्कोहोलचा कच्चा वास राहतो. शेवटी मांस काढून रस्सा भाज्यांसकट वाटून गाळून घ्यावा. शिजवण्यासाठी लांगे नेब्बिओलो किंवा एखादी साधी बार्बेरा वापरावी. उकळीत नाजूक गंध उडूनच जातो, तेव्हा पातेल्यात महाग बाटली ओतण्यात शहाणपण नाही. प्यायची बार्बारेस्को वेगळी ठेवावी. हिच्याबरोबर भात नव्हे, तर मक्याच्या पिठाची घट्ट ‘पोलेंता’ किंवा लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा हवा.

शाकाहारी वाचकाने ही वाइन आपल्यासाठी नाही असे मानण्याचे कारण नाही. पिएमोंतेच्या स्वयंपाकात दूध, बलक व वितळलेल्या फोंतिना चीजची दाट ‘फोंदूता’ आहे, कास्तेलमान्यो चीजच्या सॉसमधली बटाट्याची न्योक्की आहे, लोण्यात परतलेले पोर्चिनी मशरूम आहेत. अंडे वर्ज्य असेल तर न्योक्की आणि मशरूम रिसोत्तो यांवर भर द्यावा. कठीण चीजची काही पारंपरिक प्रकारची उत्पादने प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या दूध साकळवणाऱ्या पदार्थाने, घट्ट केलेली असतात, हे कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी वेष्टनावर तपासून घ्यावे.

नऊ रिझेर्व्हा: उतार पाहून पदार्थ

रिझेर्व्हा मोठ्या पिंपात साधारण तीन वर्षे राहतात. नऊही उतार एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तरी माती, उताराची दिशा आणि नदीची जवळीक यांमुळे त्यांचे स्वभाव बदलतात. सर्व नऊ एकत्र विकत घेण्याची गरज नाही. त्यांचे दोन-तीन गट करून विचार केला तर निवड सोपी होते.

मोंतेस्तेफानो आणि मोंतेफीको हे कठोर बांध्याचे. मोंतेस्तेफानो दक्षिणमुखी उतारावरचा असून त्याच्या वाइनला लोक अनेकदा बारोलोच्या जवळची म्हणतात, मोंतेफीको त्याहूनही अबोल, चुनखडीचा करकरीतपणा असलेला. या बाटल्या दहा वर्षांच्या आत उघडल्यास ताटात खरोखरच भरभक्कम काही हवे: भाजलेली मेंढीची मांडी, रानडुक्कर किंवा सशाचे मांस, दीर्घ मुरलेले कास्तेलमान्यो. ओव्हेल्लो हा उत्तरेकडचा उतार, माती चिकण, वाइन चपळ आणि आंबटपणाने ताठ. चरबीयुक्त मांसाबरोबर तो उत्तम, उदाहरणार्थ बदकाची भाजलेली तंगडी.

आझिली आणि राबाया हे शेजारी आहेत आणि मागणीही यांनाच अधिक. आझिलीचे सारे आकर्षण गंधात आहे: गुलाब, सुकी पाने, रेशमी पोत. हिच्या ताटात जितके कमी तितके चांगले. लोण्यातले तायारीन, ट्रफल, किंवा फक्त मिठावर भाजलेले तितराचे मांस. जिच्यासाठी इतका काळ थांबायचे, तिच्यापुढे पंधरा मसाल्यांचा पदार्थ ठेवू नये. राबायात आझिलीचा गंध आणि मोंतेस्तेफानोची ताकद यांचे मिश्रण आहे, म्हणून ब्राझातोसारख्या मुख्य पदार्थाबरोबर तीच अधिक शोभते.

पोरा आणि रिओ सोर्दो तुलनेने मवाळ असून लवकर खुलतात. रिझेर्व्हा प्रथमच घेणाऱ्याने यांपैकी एक घ्यावी. पाये आणि मुंकागोता यांचे स्थान मधले: पायेत लाल फळ व उजळ आंबटपणा, मुंकागोतात मसाल्याची झाक. ससा, कोंबडा, मशरूम यांच्याबरोबर दोन्ही चालतात.

तापमान, हवा आणि पेला

वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांसाठी होता. पुण्या-मुंबईत खोलीचे तापमान वर्षाचा बराच काळ २८ ते ३२ अंशांवर असते आणि त्या तापमानाला बार्बारेस्को म्हणजे गरम अल्कोहोलचा वास येणारे बेचव पेय होते. तिला १६ ते १८ अंश हवेत. खोलीतली बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवावी, किंवा बर्फ आणि पाणी असलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण बर्फाचे खडे काचेला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी मात्र चहूबाजूंनी भिडते. फार गार झाली तरी तुरटपणा बोचतो. तेव्हा पेला दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ थांबावे.

साठवणीतही हीच अडचण आहे. घरातले स्वयंपाकघरातील फडताळ ही सर्वात वाईट जागा. वाइनसाठीचा लहान फ्रिज नसेल, तर भारतात या बाटल्या वर्षानुवर्षे मुरवण्याचा मोह टाळावा आणि हवी तेव्हा पिण्याजोगी जुनी बाटली विकत घ्यावी. आयात शुल्कामुळे त्या येथे महाग पडतात. परदेशातून येताना स्वतः आणणार असाल तर सीमाशुल्काची मर्यादा पाहून, सामानात मध्यभागी कपड्यांत गुंडाळून आणाव्यात.

पाच-सात वर्षांपर्यंतची बार्बारेस्को डिकँटरमध्ये ओतून तास-दोन तास हवेत ठेवल्यास खुलते. डिकँटर नसेल तर स्वच्छ काचेचा जग चालतो. केवळ बूच काढून बाटली तशीच ठेवण्याचा उपयोग नाही, कारण बाटलीच्या मानेतून रुपयाएवढ्याच पृष्ठभागाला हवा मिळते. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो, म्हणून ती आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, बूच अलगद काढावे, कारण जुने बूच मधेच मोडते, आणि बाटलीच्या मानेमागे दिवा धरून, गाळ मानेशी येताच ओतणे थांबवावे. तिला फार वेळ हवेत ठेवू नये. जुना गंध अर्ध्या तासात विरूही शकतो. पेला मोठ्या पोटाचा आणि तोंडाशी अरुंद असावा व एक तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये.

आपल्या स्वयंपाकघरात

घरी नेहमीचे जेवण असताना ही बाटली उघडायची असेल, तर पदार्थ निवडण्याची कसोटी वर आलेलीच आहे: स्निग्धता हवी, तिखट व गोड कमी हवे, आंबटपणा चिंच-कोकमाचा नसावा. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे कोणतीही नेब्बिओलो टिकत नाही, आणि तांबडा रस्साही त्यामुळे काही अधिक चांगला लागत नाही. पांढरा रस्सा मिरपूड आणि हिरवी मिरची आवरून केल्यास लांगे नेब्बिओलो त्याबरोबर बरी लागते. काजू व नारळाच्या दुधाची स्निग्धता तुरटपणा झेलते, तरी नारळाचा गोडसरपणा तिला पूर्ण खुलू देत नाही. माझी पसंती त्यापेक्षा मीठ, मिरे, लसूण व भरपूर तूप घालून मंद आचेवर परतलेल्या मटणाला आहे. लोण्यातल्या आळंब्या, हिरवी मिरची न घातलेली चीजची भाजी, जिऱ्याच्या फोडणीची साधी बटाट्याची भाजी यांबरोबरही तरुण बाटली चालते. मालवणी मासळी, सोलकढी आणि लोणची यांच्या ताटात रेड वाइनचे काम नाही.

पानावर येण्याचा क्रम आणि उरलेली बाटली

चार जणांच्या जेवणात दोन बाटल्या पुरेशा होतात: सुरुवातीला लांगे नेब्बिओलो, मुख्य पदार्थाबरोबर बार्बारेस्को. तीन उघडायच्या असतील तर तिसरी रिझेर्व्हा शेवटच्या मांसाबरोबर आणि त्यानंतरच्या चीजबरोबर घ्यावी. जुनी बाटली तरुण बाटलीनंतर यावी, अन्यथा तिचा शांत गंध ओळखू येत नाही. गोडाच्या वेळी नेब्बिओलोचा पेला बाजूला ठेवावा. लांगेच्या हेझलनट केकबरोबर तिथले लोक कमी अल्कोहोलची, किंचित फेसाळ, गोड मोस्कातो दास्ती पितात, आणि चॉकलेटसाठी औषधी साली व मसाले घालून केलेले बारोलो किनातो आहे.

उरलेली लांगे नेब्बिओलो बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. तरुण बार्बारेस्को अनेकदा दुसऱ्या दिवशी अधिक मवाळ लागते, मात्र प्यायच्या आधी पाऊण तास बाहेर काढून ठेवावी. वीस वर्षांच्या रिझेर्व्हाचा उरलेला पेला दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये, त्याच रात्री संपवावा. गाळ राहिलेला तळाचा घोट फेकण्याऐवजी गाळून ब्राझातोच्या रश्श्यात घालता येतो.